जोडसायकलवर आबांच्या पाठीमागे

गेल्या महिन्यात एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या मुलाचे डोळे तापात गेले आहेत. ते परत येणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. मुलाला मात्र अजून कुणी सांगितलेले नाही. 'कधी सांगू?' एवढेच त्यांना विचारायचे होते. मला नीट उत्तर देता आले नाही. समोरासमोर मला फारसे बोलता येत नाही. शब्द सुचतात ते माणूस उठून गेल्यावर. म्हणून हे लिहीत आहे. लिहिण्याचा मला सराव नाही, आणि या वयात सुरुवात करणाऱ्याच्या वाक्यांत अवघडलेपणा राहणारच. तो वाचकांनी चालवून घ्यावा.

मलाही कुणी सांगितले नव्हते. माझी दृष्टी गेली ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षात. ती येणार नाही हे माझ्या वडिलांना त्याच आठवड्यात कळले. मला ते कळायला पुढचा हिवाळा सरत यावा लागला, आणि तेही भर रस्त्यात, सायकलवर बसलेली असताना. मधल्या त्या महिन्यांविषयी आणि त्या एका सकाळीविषयी जेवढे प्रामाणिकपणे सांगता येईल तेवढे सांगते.

ताप

आमचे गाव मुरुमपासून दोन कोसांवर. वडील, म्हणजे आबा, गावातल्या दूध संस्थेत मापाडी होते. सकाळ-संध्याकाळ लोक चरव्या घेऊन येत, आबा माप घालत, आणि कॅन भरून मुरुमला जात. त्यांच्या मापाविषयी गावात कधी कुणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. बोलणे फार कमी. आमच्या घरात बोलण्याचे काम आईकडे होते.

मी मुरुमच्या कॉलेजात शिकत होते आणि आठशे मीटर धावत होते. हे दुसरे वाक्य लिहिताना अजूनही मला संकोच वाटतो, कारण त्या काळी आमच्याकडे मुलीने धावणे ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. आमचे क्रीडाशिक्षक बिराजदार सर मैदानाच्या कडेने ओरडत, "शीला, खांदे सोड! खांदे कशाला आवळतीस, डोक्यावर घागर हाय का?" विद्यापीठाच्या स्पर्धेत माझी निवड झाली होती. पायांत सतत काहीतरी सळसळत असे. बसून वाचतानासुद्धा टाचा आपोआप हलत.

ते वर्ष पुन्हा दुष्काळाचे होते. विहिरी तळाला गेल्या होत्या, गावात टँकर येत असे. उन्हाळ्यात मला ताप आला. डोके असे दुखू लागले की उजेड सहन होईना. आईने दारावर घोंगडी टांगली. पिण्याच्या वाटणीचे पाणी ती माझ्या कपाळावरच्या पट्ट्यांना वापरत होती, आणि स्वतः ताकावर भागवत होती, हे मला नंतर शेजारणीकडून समजले. उमरग्याच्या डॉक्टरांनी विषमज्वराचे औषध दिले. नंतर मान ताठ झाली, आणि मी असंबद्ध बोलू लागले. दूध संस्थेची जीप मागून आणून आबांनी मला सोलापूरला नेले. जीपमध्ये रिकामे कॅन होते. खड्ड्याखड्ड्याला ते एकमेकांवर आपटत. नासक्या दुधाचा तो वास आणि तो खणखणाट ही माझी डोळ्यांसकटची शेवटची आठवण आहे, आणि तिच्यात पाहिलेले असे काहीच नाही. याचे मला फार वर्षे वाईट वाटत राहिले. मी डोळे मिटून पडले होते. आईचा चेहरा शेजारी होता. डोळे उघडले असते तर दिसला असता.

सोलापूर

शुद्धीवर आले तेव्हा काळोख होता. मी विचारले, "लाइट गेली का?"

शेजारच्या खाटेवरून एक खरखरीत आवाज आला, "लाइट कुठलं गं पोरी? दुपारचं जेवण वाटाय लागलेत की."

त्या बसम्मा. अक्कलकोटकडच्या. पोटाच्या दुखण्याने त्या वॉर्डात होत्या, आणि अर्धे मराठी अर्धे कानडी बोलत. दुसऱ्या क्षणी त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी खाटेवरून हात लांब करून माझा दंड धरला. मी किंचाळले की नाही हे मला आठवत नाही. तो हात आठवतो. त्यावर काकणे पुष्कळ होती.

मेंदूच्या आवरणाला क्षय झाला होता. त्याच्या तपशिलात मी जात नाही. ज्यांना तो भोगावा लागतो त्यांना डॉक्टर सांगतातच. दवाखान्याचा दिवस मी आवाजांवरून ओळखू लागले. पहाटे फरशीवर बादली सरकल्याचा आवाज आणि फिनेलचा वास. मग काखेत तापाचा पारा. मग सुई, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, आणि सुई देणाऱ्या सिस्टरचे तेच वाक्य: "झालं, झालं, झालं." ते झालेले कधीच नसे. पाठीतून पाणी काढायचे असले की दोघीतिघी मला गुडघ्यात वाकवून धरत. तेव्हा मी मनात आठशे मीटर धावत असे. पहिल्या फेरीत श्वास राखायचा. दुसऱ्या फेरीच्या वळणावर सोडायचा. हा उपाय कुणाला उपयोगी पडला तर पडो.

केसांचा एकच गठ्ठा झाला होता. सगळ्यांचे मत तो कापून टाकावा असे पडले. बसम्मांनी आपल्या बाटलीतले खोबरेल आणले आणि माझे डोके मांडीवर घेऊन त्या बटा सोडवू लागल्या. कुणी घाई केली की म्हणत, "कापायला काय, कात्री कधीबी हाय. मला कुठं गाडी धरायचीय?" केस वाचले. दवाखान्यातल्या दिवसांपैकी मला पुन्हा जगता आले तर ती दुपार मी मागून घेईन.

"नस सुजलीया"

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. माझ्या पापणीजवळ बॅटरीची ऊब लागली. तिचा उजेड लागला नाही. त्यांनी मला काही विचारले नाही, आणि आबांना म्हणाले, "जरा बाहेर या."

आमच्याकडे ही रीतच होती. रोग्याचे दुखणे रोग्याला सांगत नसत. ते घरातल्या कर्त्या माणसाला बाहेर नेऊन सांगत. मला त्यात वावगे काही वाटले नाही. मी जणू दुसऱ्याच कुणाची बातमी ऐकायची असल्यासारखी पडून राहिले.

आबा परत यायला वेळ लागला. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्याकडून आला, म्हणजे ते खाली जाऊन आले होते. खाटेच्या कडेला बसून त्यांनी माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. लिमलेटच्या गोळ्या. आबांनी आयुष्यात कधी आम्हांला बाहेरचा खाऊ आणला नव्हता.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"नस सुजलीया म्हणत्यात. सूज उतरली की दिसतंय."

"कधी?"

"उन्हाळा सरंस्तवर."

ते थोडेसे हसलेही. मी गोळी तोंडात टाकली. बातमी चांगली असल्याशिवाय आबा गोळ्या आणणार नाहीत, असा माझा हिशेब होता.

घरी

उन्हाळा सरला. घरी आले तेव्हा 'उन्हाळ्या'चे 'दसरा' झाले. दसऱ्याची दिवाळी झाली. दिवाळीची संक्रांत झाली. प्रत्येक वेळी आबा तेवढेच सांगत, "धीर धर. नस हाय ती. येळ लागतो." मापाच्या माणसाचे बोलणे, म्हणून मी ते धरून राहिले.

आईने तुळजापूरच्या देवीसाठी मंगळवार धरले. सकाळी मी उठून बसले की चुलीपुढून ती विचारी, "आज काय?" म्हणजे आज काही दिसते का. मला कधीकधी खरेच काहीतरी जाणवत असे. पांढरट, धुरासारखे, डावीकडून उजवीकडे सरकणारे. दृष्टी गेल्यावर पुष्कळांना असे भास होतात, हे मला पुढे एका जाणत्या माणसाने सांगितले. तेव्हा ठाऊक नव्हते. मी म्हणे, "आई, आज पांढरं दिसलं. दाराच्या बाजूला." आई हातातले टाकून शेजारी सांगायला धावे. आबा त्या वेळी घरात असले तर काही बोलत नसत. चरवीची कडी वाजे, आणि ते बाहेर पडत.

दिवाळीनंतर आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, ठेवायची, आणि निघून जायची. "जेवा" हा शब्दसुद्धा तिने सोडला. मला कारण कळेना. माझ्या दुखण्याने घर दमले आहे, एवढेच मी समजले, आणि लवकर बरे व्हायचे ठरवले. जणू ते माझ्या ठरवण्यात होते.

या काळात मी एकच काम नेमाने करत होते. सकाळी भिंतीला हात लावून उठाबशा, आणि जागच्या जागी धावणे. डोळे येतील तेव्हा पाय तयार असले पाहिजेत. स्पर्धा पुढच्या वर्षीही होती.

सायकल

संक्रांत झाल्यावर बिराजदार सर घरी आले. मुरुमला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे शिबिर घ्यायचे होते. दुष्काळात म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोलापूर कोण दाखवणार? त्यासाठी गावोगावी धान्य आणि देणगी गोळा करायची, आणि लोकांचे लक्ष वेधावे म्हणून मुरुमपासून उस्मानाबादपर्यंत सायकलफेरी काढायची, असे चार तरुणांनी ठरवले होते. सरांचे मेहुणे ढोकीच्या साखर कारखान्यात वेल्डर होते. त्यांनी दोन जुन्या सायकली जोडून एक केली होती. दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या, एकमेकींना साखळीने बांधलेल्या. एसटीच्या टपावरून ती मुरुमला आली, आणि पोरांनी तिचे नाव आगगाडी ठेवले.

"मागच्या सीटवर शीला बसंल," सर म्हणाले. "लोकांना दिसू दे की. एक अंध खेळाडू दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी..."

"च्या घ्या सर," आबा एकदम म्हणाले. कपबशी जोरात ठेवली गेली.

'अंध' हा शब्द मला आवडला नाही. सरांना नस सुजल्याचे ठाऊक नसावे, असे मला वाटले. चारचौघांत खोडून काढणे बरे दिसणार नाही म्हणून मी गप्प बसले. सायकलीने मांड्या मजबूत होतात, एवढाच विचार करून मी हो म्हटले.

पुढच्या सीटवर कोण, हा प्रश्न होता. सरांच्या डोळ्यांपुढे कॉलेजातला एक मुलगा होता. आईने आतूनच सांगितले, "परक्या पोराच्या पाठीमागं माझी पोरगी बसणार न्हाय." शेजारणीने तेवढ्यात भर घातली, "पाडली कुठं तर उरलंसुरलं बी मोडंल, बाई."

 मग आबा म्हणाले, "म्या बसतो म्होरं."

पहिली सकाळ

कॉलेजच्या मैदानावर सर सायकल धरून उभे होते. मी तिच्यावरून हात फिरवला. रंग पोपडे धरलेला, मधल्या जोडाला वेल्डिंगची गाठ. सरांनी मला मागे बसवले, माझे पाय पायडलवर ठेवले, आणि आबांना म्हणाले, "बसा."

आबा रोज सायकलवर बसत तसेच बसले. डावा पाय पायडलवर, दोन उड्या, आणि उजवी टांग मागून फिरवून. मागे मी होते. त्यांची टाच माझ्या बरगडीत बसली आणि आम्ही तिघेही, सरांसकट, मातीत गेलो.

"आबा, अहो लेक हाय मागं, दुधाचा कॅन न्हवं!" सर ओरडले.

"लागलं का गं? कुठं लागलं? डोळ्याला न्हाय ना लागलं?" आबांचे हात माझ्या तोंडावरून भराभर फिरत होते. मी हसत होते. किती महिन्यांनी, कोण जाणे. बरगडी दुखत होती आणि मला हसू आवरत नव्हते.

दुसऱ्या वेळी आबा दांडीवरून पाय काढून बसले. निघण्यापूर्वी सरांनी त्यांना एक गोष्ट समजावली. ती मी शब्दशः देते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले.

"आबा, पुढच्यानं सतत बोलायचं. खड्डा म्हणलात की ही अंग सैल सोडणार, ब्रेक म्हणलात की पाय थांबवणार. तिला दुसरा आधार न्हाय. नसलेला खड्डा सांगितला, न्हायतर असलेला झाकला, तर दोघं पडाल. एक डाव जरी खोटं निघालं, तरी मागच्या माणसाचं अंग पुढच्यावर इश्वास ठेवायचं सोडतंय. मग सायकल तोल धरत न्हाय. कळलं का?"

"कळलं," आबा म्हणाले.

मैदानाला फेऱ्या मारून आम्ही गावाच्या रस्त्याला लागलो. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाऊन परत यायचे होते. सर मैदानावरच थांबले.

त्या पहिल्या वेगाविषयी मला चांगले लिहिता येणार नाही. इतके महिने मी भिंतीला हात लावून चालत होते. जग माझ्या हाताच्या लांबीएवढे झाले होते. आता वारा कानांवरून वाहू लागला. पायडलच्या जोड्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे आबांचे पाय मला माझ्या पायांत कळत होते. चढाला ते जड होत, तेव्हा मी जोर लावी. लगेच पुढून आवाज येई, "हळू गं. माझं पाय पळवतीस."

आणि आबा बोलत होते. माझ्या आठवणीत ते कधी इतके बोलले नव्हते. "खड्डा. झाला. डाव्या अंगाला बैलगाडी. आता सरळ." बैलगाडीवरून कुणीतरी हाळी दिली, "आबा, लेकीला घेऊन सर्कशीत निघालाव का?"

"धाराशिवला," आबा म्हणाले. "येतूस का? दांडीवर जागा हाय."

गाडीवान खदखदून हसला. आबांना लोकांना हसवता येते हे मला तोवर माहीत नव्हते.

"हा रस्ता वळखलास का?" पुढे गेल्यावर त्यांनी विचारले. "त्या मोठ्या दुष्काळात ह्यो सगळा आमीच केलाय. खडी म्या न् तुझ्या आईनं फोडलीया. तू सुकडीचा डबा घिऊन यायचीस. बाभळीखाली बसून खडं निवडायचीस, सारखंसारखं. म्हणायचीस, ह्ये मोठं, ह्ये ल्हान."

मला ती सगळी सकाळ आठवली. खडीचे ढीग, आईच्या डोक्याचा पदर, घामाने चमकणारी आबांची पाठ. इतकी स्वच्छ आठवली की समोरच्या काळोखात काहीतरी हलले. पांढरे. मोठे. समोर, किंचित उजवीकडे.

"आबा!" मी ओरडले. "आबा, दिसतंय! पुढं पांढरं हाय. उजवीकडं. मोरीचा कठडा हाय ना?"

घरी असते तर काय झाले असते ते मला ठाऊक आहे. चरवीची कडी वाजली असती. महिनोन्महिने ती वाजत होती.

 आता आबांचे पाय थांबले. बांधलेल्या पायडलमुळे माझेही थांबले. सायकल आपल्याच वेगाने थोडी पुढे गेली.

"न्हाय," आबा म्हणाले. "मोरी अजून आली न्हाय. म्होरं कायबी न्हाय बाय. मोकळा रस्ता हाय."

"पण मला दिसतंय."

"ब्रेक लावतो. पाय टेक."

आम्ही थांबलो. ते उतरले नाहीत आणि वळलेही नाहीत. त्यांची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. हँडल धरूनच, समोरच्या रस्त्याला सांगावे तसे त्यांनी सांगितले.

"नस सुजलेली न्हवती. नस वाळली म्हणले. त्याच दिशी म्हणले. न्हाय येणार म्हणले, शीला. कधीच."

मी काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही.  कुठेतरी टिटवी ओरडत होती, आणि तिचे ओरडणे मला विनाकारण फार मोठे वाटत होते. मग मी विचारले, "आईला?"

"दिवाळीत सांगितलं तिला. म्हणली, तुमच्या तोंडाला आग लागो. पोरीला पांढरं दिसतंय अन् तुमी असं बोलताव. तवापासनं बोलली न्हाय माझ्यासंगं."

"आणि तुम्ही रोज..."

"व्हय. रोज वाटायचं, उंद्या सांगू. तू उठाबशा काढत असायचीस. म्या चरवी उचलायचो न् जायाचो." ते पुढे म्हणाले, "हितं बसून न्हाय सांगता आलं खोटं. तू पडली असतीस."

मग ते रडले. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाचे रडणे मागच्याला हँडलमधून कळते. दोन्ही हँडल एकाच लोखंडाला जोडलेली होती. मी हात पुढे करून त्यांची पाठ शोधली. सदरा घामाने भिजलेला होता. मला त्यांच्यावर रागवायचे होते. त्या क्षणी मला राग सापडला नाही. तो पुढे सापडला, आणि बरीच वर्षे पुरला. तेव्हा फक्त माझे पाय आठवत होते, रोज सकाळी भिंतीपाशी धावणारे, कुठेच न पोचणारे.

ज्या बाईंनी मला विचारले त्यांना याहून जास्त सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढे म्हणते, की सांगताना मुलाकडे पाहता आले नाही तरी चालते. सांगून झाल्यावर मात्र तिथून उठून जायचे नसते. आबा गेले नाहीत. ऊन चढेपर्यंत आम्ही त्या रस्त्यात तसेच एकापाठी एक बसून होतो. जाणारेयेणारे विचारत, "काय आबा, साखळी पडली का?" आणि आबा म्हणत, "व्हय. पडली."

उस्मानाबादची फेरी पुढे झाली. शिबिरही झाले. पट्ट्या सोडल्यावर म्हाताऱ्या माणसांनी "दिसतंय, दिसतंय" म्हणून केलेला गलका मी मांडवाच्या कडेला उभी राहून ऐकला. त्याविषयी मला लिहवत नाही.

दुपार

मैदानावर सायकल सोडून आम्ही दोघे चालत घरी आलो. आई चुलीपाशी होती. आबा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

मी म्हटले, "आई, मला दिसणार नाही. ते पांढरं दिसतं ते खरं नसतं. आबांना डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"आजबी दिसलं म्हणालीस का त्यास्नी?" तिने विचारले.

"म्हणाले. मोरीचा कठडा दिसतो म्हणून. तिथं मोरी नव्हती."

तव्यावरची भाकरी जळू लागल्याचा वास आला. ती काढायला आईला वेळ लागला. मग तिने तोंडाला पदर लावला असावा, कारण तिचे रडणे दाबलेले येत होते. मी भिंतीला टेकून बसले. आबा बाहेर खाकरले. आत आले नाहीत.

आजार झाल्यापासून आई मला स्वतःच्या हाताने भरवत आली होती. मला घास सापडेल की नाही याची परीक्षा तिने कधी घेतली नव्हती. चार दिवसांचाच प्रश्न आहे, मग पोरीला चाचपडायला कशाला लावायचे, असे तिला वाटे. घरात मला वस्तू कुठे असतात ते कुणी सांगितले नव्हते. काठी आणली नव्हती.

ती उठली. माझ्यापुढे ताट सरकल्याचा आवाज झाला. मी सवयीने तोंड उघडले आणि थांबले. घास आला नाही.

"ताट म्होरं हाय," आई म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "भाकर तुझ्याकडच्या अंगाला. कोरड्यास डाव्या हाताला, वाटीत. कांदा भाकरीवर ठिवलाय. पाण्याचा तांब्या उजवीकडं हाय, ल्हान. दोन्ही हातांनी धर, सांडू नगं."

मग ती दाराकडे वळून म्हणाली, "तुमी बी या. जेवा."

मी हात पुढे केला.